साहेबराव कुठं हाय?

अंथुर्ण्याच्या आठवडी बाजारात रंगुबाईचं पाल शोधावं लागत नसे. सुकटीचा वास यायच्या आधी तिचा आवाज यायचा. बोंबील, जवळा आणि सोड्यांचे ढीग पोत्यावर मांडून ती मधोमध मांडी घालून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावानिशी हाका मारायची. गळ्यात माळ असलेला एखादा शेतकरी उपरण्याखाली पिशवी लपवून हळूच पुढं झाला, की ती मुद्दाम आवाज चढवायची, "किती बांधू, आबा? मागल्या बाजारी नेलेलं सपलं व्हय?" आबा इकडंतिकडं बघत पळ काढायचे आणि पुढच्या बाजाराला पुन्हा यायचे. राग ती पदरासारखा कमरेला खोचूनच घराबाहेर पडायची. बुद्धवस्तीत म्हणायचे, रंगुबाईला सकाळी सकाळी भेटू नये, आणि भेटलीच तर जयभीम घालून सरळ पुढं निघावं.

तिचा नवरा साहेबराव अगदी गरीब स्वभावाचा. विहिरीतला गाळ आणि मुरूम वर ओढणाऱ्या यारीवर तो कामाला होता. अंथुर्ण्यापासून भवानीनगरपर्यंत कितीतरी विहिरींच्या तळाला त्याचे पाय लागलेले. लहानपणी बापाच्या बोटाला धरून तो बौद्ध झाला होता. वस्तीनं देव्हाऱ्यातले देव ओढ्यात सोडले, त्या दिवसाची गोष्ट तो क्वचितच सांगायचा. पण सांगितली की शेवटी म्हणायचा, "तवापासनं मेल्यावरची भीती गेली बघ. जे हाय ते हितंच हाय. हितं नीट वागायचं, बास." त्याला कुणी टाकून बोललं तरी तो हसून सोडून द्यायचा. मग त्याच्या वाट्याचा रागही रंगुबाईच करायची.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात भवानीनगरच्या बाजूला जोतीराम या ऊसवाल्याच्या विहिरीचा गाळ काढायचं काम निघालं. तळाला पाझर मोठा होता, पाणी हटत नव्हतं, म्हणून डिझेलचं इंजिन विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवून चालू केलं. धूर वर निघेना. इंजिन बंद करायला जोतीराम स्वतः उतरला आणि खालीच कोसळला. काठावरची माणसं नुसती ओरडत राहिली. साहेबरावानं ओलं फडकं तोंडाला बांधलं, दोर घेऊन तो खाली गेला, जोतीरामच्या काखेतून दोर घालून गाठ मारली आणि वर बघून हात हलवला. जोतीराम वर आला. दोर परत खाली सोडला, तेव्हा तो धरायला खाली शुद्धीवर कुणी उरलं नव्हतं.

जोतीराम दवाखान्यातून बरा होऊन घरी आला. साहेबराव गेला. आणि महिन्याभरात बोलवा उठली, की इंजिन खाली ठेवलं साहेबरावानंच. जन्म विहिरीत गेला आणि एवढी अक्कल नसावी? स्वतःच्या चुकीनं मेला, मालकालाही घेऊन चालला होता. बाजारात, पारावर, पिठाच्या गिरणीत लोक हेच बोलायचे. रंगुबाई बोलणाऱ्याच्या अंगावर धावून जायची, "माझा माणूस असली चूक करनारा न्हाय!" पण ती त्या वेळी विहिरीवर नव्हती. यारीवरचे बाकीचे गडी बाहेरगावचे, ते पांगले. जोतीरामला विचारलं तर तो मान हलवायचा. "मला काय बी आठवत न्हाय, बाई. म्या बेसुद हुतो."

साहेबरावाच्या मागं रंगुबाईला एकच लेक, करुणा. ती वडगाव निंबाळकरला दिलेली. लागोपाठ दोन बाळं पोटातच गेली, तेव्हा नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडली ती सोडलीच. करुणा आली ती मुकी होऊनच. जेवायला घातलं तर जेवायची, नाही घातलं तर भिंतीला पाठ लावून बसून राहायची. सरकारी दवाखाना झाला, पुण्याचा डॉक्टर झाला. गुण येईना.

अशात एक दिवस जोतीरामची बायको विजयमाला दारात उभी राहिली. मधल्या काळात त्या घरातही उलथापालथ झाली होती. विहिरीतून वर आल्यापासून जोतीरामला झोप लागत नसे, छाती भरून यायची. भवानीनगरच्या आबाजी पास्टरनं त्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याला बरं वाटलं, आणि भावकीच्या शिव्या खाऊन नवराबायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. आबाजी पास्टर पूर्वी कारखान्यावर उसाच्या बैलगाड्या हाकायचा. मऊ बोलणारा, काळासावळा, मोठ्या हातांचा माणूस. दर रविवारी विजयमालाच्या पडवीत प्रार्थना व्हायची.

"करुणाला घिऊन या, वैनी," विजयमाला म्हणाली. "बसंल नुसती. गाणी ऐकंल."

रंगुबाईच्या मनात आलं, हिला आल्या पावली परत धाडावं. ज्या घरात साहेबरावाला कान तुटलेल्या कपातून चहा मिळायचा, त्या घरात आता आपण गाणी ऐकायला जायचं? पण भिंतीला टेकलेल्या पोरीकडं बघून तिनं जीभ आवरली.

आणि गुण आला. कशानं आला ते रंगुबाईला कधी कळलं नाही. पेटीच्या सुरानं आला, की बायांनी करुणाच्या पाठीवरून हात फिरवला त्यानं आला, की तिच्या गेलेल्या बाळांबद्दल तिथं पहिल्यांदाच कुणी नीट विचारलं त्यानं, पण चौथ्या-पाचव्या रविवारी करुणा गाण्याची एक ओळ गुणगुणली, आणि घरी येताना म्हणाली, "आये, भूक लागली." रंगुबाई रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडली. त्यानंतर तीही पडवीत जाऊन बसू लागली. तिनं घरातली बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर हलवली नाही, बाप्तिस्मा घेते असंही ती कधी म्हणाली नाही. पण सगळ्या बाया एका सतरंजीवर बसायच्या, चहा एकाच किटलीतून एकसारख्या कपात यायचा, आणि पास्टर तिला रंगुताई म्हणायचा. तिला ते आवडायचं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात भवानीनगरला मोठी सभा भरली. मांडव, लाऊडस्पीकर, पुण्याहून आलेला पांढऱ्या सफारीतला प्रचारक. आधी साक्षी झाल्या, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं तारलं ते एकेकानं उठून सांगितलं. जोतीराम उठला, माईक धरून म्हणाला, "म्या मेलो हुतो. काळ्या इहिरीत पडलो हुतो. माझ्या प्रभूनं मला हात दिऊन वर काढलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगुबाई पुढं ऐकायला थांबली. आता साहेबरावाचं नाव येईल, आता येईल. जोतीरामनं माईक दिला आणि तो खाली बसला.

मग प्रचारकानं नरकाचा विषय काढला. मेल्यावर दुसरी संधी नाही, तो सांगू लागला. ज्यांनी जिवंतपणी प्रभूचं नाव घेतलं ते तरले. ज्यांनी घेतलं नाही, ते कितीही भले असोत, ते आज या घडीला कधीही न विझणाऱ्या अग्नीत आहेत. पाण्याच्या एका थेंबासाठी ते ओरडतायत आणि तो थेंब त्यांना कधीच मिळणार नाही. त्याचा आवाज चांगला होता, हात चांगले हलत होते. करुणा मांडवाच्या मधोमध उठून उभी राहिली आणि किंचाळली, "माझं बाबा!" आणि तिथंच खाली बसली.

प्रचारक व्यासपीठावरून उतरून तिच्याजवळ आला. माईक हातातच होता. "बहिणी, तुझ्या वडिलांसाठी आता काहीच करता येणार नाही," तो कळवळून म्हणाला. "सत्य कडू असतं. पण तुझी आई जिवंत आहे. तिला वाचव."

रंगुबाई उठली.

"म्हाराज, येक इचारू?"

"बोला, भगिनी."

"ह्या जोतीरामाला इहिरीतनं कुणी काढलं?"

"प्रभूनं काढलं."

"खाली कोन उतरलं हुतं?"

प्रचारकानं आबाजीकडं बघितलं. आबाजी हळूच काहीतरी पुटपुटला. "प्रभू आपल्या कामासाठी कुणालाही वापरतो, भगिनी," प्रचारक म्हणाला.

"वापरतो? अन् वापरून झालं की जाळतो व्हय?"

प्रचारक समजावू लागला, की तारण सत्कृत्यांनी मिळत नाही, ते विश्वासानंच मिळतं, आणि तुमच्या पतीनं विश्वास ठेवला असता तर... रंगुबाईनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "त्याला कुणी येऊन सांगितलं हुतं का? त्याच्यापातुर तुमचा कोन आलाता? न सांगता सजा करायची, ह्यो कुठला न्याव? आमच्या आज्याला गावानं इहिरीवर चढू दिलं न्हाय. माझा माणूस त्यांच्याच इहिरीत उतरून मेला. अन् आता तुमी म्हंता, तितंबी त्याला पानी न्हाय!" कुणीतरी पेटीवाल्याला खूण केली. पेटीवाल्यानं गाणं सुरू केलं, लोक उभे राहून गाऊ लागले, आणि रंगुबाईचा आवाज त्यात बुडाला. ती करुणाला दंडाला धरून मांडवाबाहेर घेऊन आली. जोतीराम पायांकडं बघत बसला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. करुणा पुन्हा मुकी झाली नाही, पण ती चुलीपुढं बसेना. रंगुबाईनं काटक्या लावल्या की ती उठून अंगणात जायची.

"काय झालं गं?"

"तू पेटीव, आये. मला जाळ बघवत न्हाय."

"का?"

"बाबा दिसत्यात आतमंदी."

रंगुबाईनं पेटत्या चुलीवर घागर उपडी केली. घरभर राख आणि वाफ झाली. ज्यांनी पोरीला बोलती केली त्यांनीच तिच्या डोळ्यांत हे घातलं होतं. विहिरीनं साहेबरावाला एकदाच मारलं. हे लोक त्याला रोज जाळत होते, सकाळच्या भाकरीला आणि रात्रीच्या कालवणाला. ती तशीच, राखेच्या हातांनी, एस.टी.त बसून भवानीनगरला गेली आणि आबाजी पास्टरच्या दारात उभी राहिली.

"माझा साहेबराव कुठं हाय? तुमी सांगा. तुमी त्याला वळखत हुता."

आबाजी उंबऱ्यावर खाली बसला. "रंगुताई, म्या गाड्या हाकनारा मानूस. शिबिरात जे शिकीवलं ते म्या सांगतो. त्या दिशी साहेबरावाचं नाव निघालं तवा माझी मान खाली गेली."

"मान खाली घालून काय हुतं? उठून बोलायचं हुतं."

"व्हय. बोलायचं हुतं." त्यानं कबूल केलं, आणि त्यामुळं रंगुबाईचा राग कमी होण्याऐवजी वाढला. भांडायला समोर कुणी उभंच राहीना. शेवटी आबाजी म्हणाला, "बारामतीत शांतवन मास्तर हायेत. जुने ख्रिस्ती, माझ्यापरास लई वाचल्यालं. त्यांना इचारू."

शांतवन मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, कानानं थोडे कमी. अंगणात खाटेवर बसून ते मेथी निवडत होते. रंगुबाई आणि करुणा समोर बसल्या, आबाजी भिंतीशी उभा राहिला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मेथी बाजूला ठेवली.

"माझा आजा नगरकडचा," ते म्हणाले. "तो ख्रिस्ती झाला, आजी झाली नाही. ती वारली तेव्हा आमच्या लोकांनी तिला आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. आजा म्हातारपणापर्यंत विचारायचा, मी स्वर्गात गेलो आणि ती तिथं नसली, तर तो स्वर्ग कसला? त्याला कुणी उत्तर दिलं नाही. म्हणजे बाई, तुमचा प्रश्न नवा नाही. आमच्या घरात तो तीन पिढ्या बसलेला आहे."

मग त्यांनी सांगितलं, की पुण्याचा माणूस बोलला तसं मानणारे पुष्कळ ख्रिस्ती आहेत, आणि शास्त्रात त्यांना आधारही सापडतो. दुसरे म्हणतात, तो अग्नी जाळत राहत नाही, संपवून टाकतो. रोमन कॅथलिक लोक म्हणतात, मध्ये एक जागा आहे, तिथं माणूस शुद्ध होतो, आणि मागं राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. जुन्या काळापासून काही मोठे लोक असंही म्हणत आले, की शेवटी देव कुणालाच टाकणार नाही, सगळी लेकरं घरी येतील. "आणि आमच्या देवळात दर रविवारी आम्ही सगळे उभं राहून म्हणतो, की ख्रिस्त मेला, त्याला पुरलं, आणि तो मेलेल्यांच्या लोकात उतरला. कशाला उतरला? तिथं अडकलेल्यांना सांगायला उतरला, असं एका ठिकाणी लिहिलंय. मग मेल्यावर दार बंदच होतं, असं मी कसं म्हणू?"

"म्हंजी नक्की काय?" रंगुबाईनं विचारलं.

"नक्की मला माहीत नाही. आणि ज्यांना नक्की माहीत आहे त्यांची मला भीती वाटते."

मास्तरांना वाटलं असेल, बाईला धीर आला. रंगुबाई भडकली. "मास्तर, तुमी चांगलं मानूस. पर तुमी काय म्हंता, येशू खाली जाऊन माझ्या मान्साला सोडवून आनंल. माझं म्हननं, त्यो तितं असंलच कशापायी? काय गुन्हा केला त्यानं? आदी कोंडायचं अन् मग सोडवलं म्हनून पाया पडून घ्यायचं! त्याला कुनी सोडवायला नको. त्याला कुनी कोंडायलाबी नको."

मास्तरांनी मेथीची जुडी पुन्हा पुढं ओढली.

करुणा मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडकली होती. "मास्तर," ती जवळ सरकून म्हणाली, "त्यो सोता उतरला? वरनं नुसती हाक न्हाय मारली?"

"स्वतः उतरला, बाळ. आम्ही तसंच म्हणतो."

"मरून?"

"मरून."

"बाबांवानी," करुणा स्वतःशीच म्हणाली. परतताना बारामतीच्या स्टँडबाहेर वडे तळणाऱ्याच्या गाड्यावर स्टोव्ह भडभड पेटला होता. करुणा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ जाळाकडं बघत राहिली. रंगुबाई तिच्या मागं उभी होती, पण तिनं पोरीला ओढून बाजूला केलं नाही.

पुढच्या रविवारी करुणा म्हणाली, मला पडवीत जायचंय. रंगुबाई तिच्याबरोबर गेली. गाणी ऐकायला नव्हे, हे तिच्या चालण्यावरून रस्त्यावरच्या कुणालाही कळलं असतं. विजयमालानं सतरंजी घातली होती. जोतीराम पेटीजवळ बसला होता. प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच करुणानं, आईच्या मनात भांडण जुळतंय तोवर, साध्या आवाजात जोतीरामला विचारलं, "तात्या, इंजिन माझ्या बाबांनी खाली ठेवलं हुतं का?"

रंगुबाईनं हजारदा ओरडून विचारलं असतं तरी जोतीरामनं मान हलवली असती. या पोरीनं नुसतं विचारलं, आणि त्याला मान हलवता येईना.

"न्हाय," तो म्हणाला. "त्यो नको म्हनला हुता. दोनदा म्हनला. मालक, धूर कोंडंल. म्या म्हनलं, तुझी अक्कल तुझ्यापाशी ठिव. गड्यांकडनं म्याच ठेवून घेतलं." विजयमालाच्या हातातली बशी खाली पडली. जोतीराम बोलतच राहिला, थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही अशा घाईनं. "अन् म्या बेसुद न्हवतो. अर्धा सुद्दीत हुतो. त्यो गाठ मारत हुता. हालू नका मालक, म्हनला. मला समदं आठवतंय."

रंगुबाईच्या आवाजानं सगळी पडवी दणाणली.

"पाच वर्सं! पाच वर्सं त्याला गाव मूर्ख म्हनलं, अन् तू गप बसलास? तुज्या तोंडानं देवाचं नाव निगतं, अन् माझ्या मान्साचं निगत न्हाय?" अहोजाहो कधीच गळून पडलं होतं.

"म्या प्रभूपाशी कबूल केलंय, वैनी. रडून कबूल केलंय. त्यानं मला माफ केलं."

"त्याचं काय गेलं हुतं? इहिरीत माझा मानूस गेला, अन् माफ त्यो करतोय! मला इचारलं का? ह्या पोरीला इचारलं?"

आबाजी पास्टर उठला. लोकांना वाटलं, तो रंगुबाईला शांत करणार. तो जोतीरामपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई बराबर बोलत्यात. तू आदी हितं माफी मागायची हुतीस, जोतीराम. अन् म्या तुला ते सांगायला पायजे हुतं."

रंगुबाईला माफी नको होती. तिनं सांगितलं, जे हितं बोललास ते बाजारात बोल. जिथं त्याची बदनामी झाली तिथं बोल. आणि जोतीराम आला. त्या आठवड्याच्या बाजारात, भरगर्दीत, टोपी हातात घेऊन तो तिच्या पालापुढं उभा राहिला आणि पुटपुटल्यासारखं सांगू लागला.

"मोठ्यानं," रंगुबाई म्हणाली.

त्यानं मोठ्यानं सांगितलं. पलीकडचा भाजीवाला तराजू धरून थांबला. काही बाया डोळे पुसत होत्या, दोघंतिघं म्हणाले, झालं गेलं, आता जाऊ द्या. त्या दोघातिघांनाही रंगुबाईनं सोडलं नाही. पण घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की राग तिथंच आहे, जरासुद्धा हललेला नाही. तिला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की हलकं वाटेल. साहेबराव खरं बाहेर आल्यानं परत येणार नव्हता, आणि ज्यांनी त्याला नावं ठेवली ते लोक लगेच आम्हाला पहिल्यापासून संशय होता म्हणायला लागले होते.

पुण्याचा प्रचारक पुढच्या वर्षी पुन्हा आला. आबाजीनं त्याला सांगितलं, की मेलेली माणसं कुठं आहेत हे मी यापुढं कुणाला सांगणार नाही, आणि माझ्या मंडळीत कुणाला सांगू देणार नाही. प्रचारक म्हणाला, तुझं शिक्षण कच्चं आहे, तू लोकांना खोटी आशा लावतोस. त्यांचं बिनसलं, मांडव आणि लाऊडस्पीकर येणं बंद झालं, पडवीतली माणसंही निम्म्यानं घटली. करुणानं त्याच साली कालव्यावर आबाजीच्या हातून बाप्तिस्मा घेतला. रंगुबाई काठावर पाठ करून उभी होती, पण कोरडं लुगडं तिनंच घरून आणलं होतं. साहेबरावाच्या स्मृतिदिनाला वस्तीतल्या लोकांनी वंदना घेतली. ती झाल्यावर करुणानं तिचं एक गाणं म्हटलं. कुणीतरी नाक मुरडलं. रंगुबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्याअखेर जोतीराम अंथरुणाला खिळला. छाती पुरती गेली होती. विजयमालानं निरोप धाडला, तुम्हाला भेटायचं म्हणतायत. रंगुबाई गेली. तो इतका वाळला होता, की ओळखू येईना. आबाजी उशाशी बसला होता.

"वैनी, मला माफ केलं का?"

"न्हाय."

जोतीरामनं डोळे मिटले. इतकी वर्षं साक्षी देणारा तो माणूस लहान पोरासारखा घाबरला होता. "मग म्या कुठं जानार? नरकात जानार का?"

रंगुबाईनं त्याच्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर हाच दिवस तिनं कितीदा मनात रंगवला होता. "ते माझ्या हातात न्हाय," ती म्हणाली. "अन् असतं तरी म्या तितं कुनाला धाडलं नसतं. तुमालाबी न्हाय."

आबाजी तिला सोडायला अंगणापर्यंत आला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण त्याच्याआधी तीच बोलली, आणि रागानंच बोलली. "पास्टर, माझ्यासारकी रागीट बाई सात गावांत न्हाय. त्या मान्साला म्या मरेपातुर माफ करनार न्हाय. पर त्याला कायमचं जाळायचं म्हनलं तर मला जमत न्हाय. मला जमत न्हाय ते तुमच्या देवाला कसं जमतं, ते येकदा त्याला इचारून ठिवा."

जोतीराम दोन दिवसांनी गेला. भावकी जमली आणि म्हणाली, हा आमचा माणूस, आमच्या रीतीनं दहन करणार. विजयमाला रडत सांगत होती, त्यांना पुरायचं होतं, त्यांनी सांगून ठेवलंय, त्यांना जाळ नको होता. तिचं कुणी ऐकेना. सरण रचायला लाकडं आलीसुद्धा. तेव्हा रंगुबाई पुढं झाली आणि लाकडांच्या गाडीपुढं बसली. मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा मोडणारी भावकी, जिवंतपणी त्याला औषधाचं विचारायला न आलेली भावकी, असं तिनं एकेकाला नाव घेऊन सुनावलं. बराच वेळ सुनावलं. शेवटी कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, ते बाजूला झाले, आणि जोतीरामला त्याच्याच रानात बांधाकडंला पुरलं. आबाजीनं प्रार्थना केली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. रंगुबाईनं टाकली नाही; पण सगळं संपेपर्यंत ती उभी राहिली.

परत येताना करुणानं विचारलं, "आये, तू त्यांच्यासाठी कशाला भांडलीस?"

"त्याच्यासाठी न्हाय भांडले."

"मग?"

"जाळ नको म्हनला हुता त्यो. मग न्हाय जाळायचं, बास." पावसानं रस्त्याला खड्डे पडले होते, एकात तिचा पाय गेला आणि चपलेचा अंगठा तुटला. ती वाकली, दोन्ही चपला हातात घेतल्या, आणि रस्ता बांधणाऱ्याला मोठ्यानं शिव्या देत अनवाणी अंथुर्ण्याकडं चालू लागली.